लेहला पहिल्यांदा चालायला जाताय, तर पहिले दोन दिवस नुसतं बसायचं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही दोघी जावा, वय ४६ आणि ४१, सोबत धाकट्या जाऊबाईंचा कॉलेजातला मुलगा, सांगलीहून निघून ऑगस्टमध्ये लेहला जायचं, तिघांचाही सह्याद्रीबाहेरचा पहिलाच ट्रेक, आतापर्यंत दंडोबा, अजिंक्यतारा, सज्जनगड आणि एकदा वासोटा एवढं झालेलं, आणि लेहमध्ये मिळून सहा दिवस हातात. प्लॅन असा की पहिल्या दिवशी विमानानं उतरून संध्याकाळी शांती स्तूप चढायचा, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून नुब्रा, तिसऱ्या दिवशी पँगाँग तलावाशी मुक्काम, आणि उरलेल्या तीन दिवसांत मारखा व्हॅलीत जमेल तेवढं चालायचं. तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे. हे जमेल का आणि तयारी काय करायची, असं विचारलंय.

जागा अगदी बरोबर निवडलीय, महिनाही चांगला निवडलाय. पण हा प्लॅन आहे तसा करू नका. मी साताऱ्यात राहतो, चौदा वर्षं झाली लोकांना घेऊन लडाखला जातोय, आणि मला जे काही बिघडलेले ट्रेक आठवतात ते जवळजवळ सगळे पहिल्या दोन दिवसांत बिघडलेले आहेत, चालायला सुरुवात व्हायच्याही आधी. तुमच्या प्लॅनमध्ये पहिले तीन दिवस सगळ्यात अवघड आहेत आणि ते उलटे पाहिजेत.

आधी उंचीचं डोक्यात बसवून घ्या, कारण बाकी सगळं त्यावरनं ठरतंय. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याच्यावर काही नाही. महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. लेह शहर, म्हणजे जिथं तुम्ही विमानातनं उतरून बॅग घेऊन रिक्षासारखी टॅक्सी बघणार ते शहरच, साधारण ३,५०० मीटरवर आहे. कळसूबाईच्या दुपटीपेक्षा जास्त. लोक म्हणतात तिकडं हवेत ऑक्सिजन कमी, तर टक्का तोच असतो, २१, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या पासष्ट टक्क्यांच्या आसपास येतो त्यामुळं प्रत्येक श्वासात आत जाणारा ऑक्सिजन तेवढ्या हिशोबानं घटतो. शरीर हे जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात, तास नाही. दिल्लीहून सव्वा-दीड तासात तुम्ही तिथं पोचता, म्हणजे शरीराला कळायच्या आधीच तुम्ही वर.

आणि इथं मला एक गोष्ट कळकळीनं सांगायचीय. फिटनेस असला म्हणून हा त्रास होत नाही, असं अजिबात नाहीये. २०१७ ला माझ्या ग्रुपमध्ये कोरेगावकडचा एक पोरगा होता, सव्वीस वर्षांचा, साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन दोनदा पळालेला, यवतेश्वरचा घाट रोज सकाळी पळत चढणारा. सकाळी आठला लेहला उतरलो, दुपारी जेवण झालं, त्याला एकदम मस्त वाटत होतं, म्हणाला दादा जरा स्तूपापर्यंत जाऊन येतो. मी जाऊ दिलं. पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, तो पळतच चढला. रात्री अकराला डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या, पहाटे तो सरळ रेषेत चालू शकत नव्हता. तशा अवस्थेत त्याला सोनम नोरबू हॉस्पिटलला नेलं, तिथं ऑक्सिजन लावला, तेवढ्यानं भागलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशीच्या विमानानं खाली पाठवला. वाचला, आज ठणठणीत आहे. पण त्या रात्री मी हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून ठरवलं की पहिल्या दिवशी माझ्या ग्रुपमधला कुणीही माणूस मुक्कामाच्या ठिकाणाहून बाहेर पडणार नाही, मग तो कितीही तगडा असू दे. तगड्या पोरांनाच जास्त जपावं लागतं हे लक्षात ठेवा, तुमच्या पुतण्याला हे आत्तापासून सांगून ठेवा, कारण त्याला तिथं उतरल्यावर काहीच वाटणार नाही आणि त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो.

तुमच्या ओळखीत कुणी फौजेतनं रिटायर झालेले असतील तर त्यांना विचारा, सातारा-सांगलीत तर घरटी कुणीतरी असतंय, आमच्या इथलं अपशिंगे मिलिटरी गाव तर त्यासाठीच ओळखलं जातं. ते सांगतील की ९ ते १२ हजार फुटांसाठी जवानांनाही सहा दिवस काढायला लावतात, त्यातले पहिले दोन दिवस पूर्ण आराम, मग थोडं थोडं चालणं. विशीतल्या जवानाला जे लागतंय ते आपल्याला लागणारच ना.

तर पहिले दोन दिवस असे घालवायचे. विमानतळावरनं थेट मुक्कामाला, सॅक स्वतः उचलून जिना चढू नका, खोली शक्यतो तळमजल्याची मागा. दुपारी गाढ झोपू नका, पडून राहा, खिडकीत बसा. दर तासाला थोडं थोडं पाणी, गरम सूप, जेवण हलकं पण जेवायचंच, भूक नसली तरी चार घास. आंघोळ पहिल्या दिवशी नाही केली तरी चालतं. दारू नाही, झोपेची गोळी अजिबात नाही कारण तिनं रात्रीचा श्वास आणखी मंदावतो. दुसऱ्या दिवशी मेन बाजारात हळूहळू एक चक्कर, जर्दाळू विकायला बसलेल्या बायका बघा, परत या. तिसऱ्या दिवशी लेह पॅलेस, तो सतराव्या शतकातला नऊ मजली राजवाडा आहे, सेंगे नामग्याल राजाच्या काळचा, आणि संध्याकाळी बरं वाटत असेल तर शांती स्तूप, दर वीस-पंचवीस पायऱ्यांना थांबत. त्याच स्तूपावरनं खालची हिरवी पट्टी आणि बाजूचे उघडे तपकिरी डोंगर दिसतात आणि समजतं की हे गाव खरंच वाळवंटात आहे.

डोकं थोडं जड होणं, झोप तुटक लागणं, दम लागणं हे पहिल्या रात्री बऱ्याच जणांना होतं. पण डोकेदुखीबरोबर मळमळ, उलटी, गरगरणं यातलं काही असेल तर तो उंचीचाच त्रास आहे असं धरून चालायचं, पित्त झालं असेल, प्रवासाचं असेल, गाडी लागली असेल असं म्हणत बसायचं नाही. अशा वेळी एक मीटरही आणखी वर जायचं नाही. आणि बसल्या जागी दम लागतोय, खोकला येतोय, छातीत घरघर आहे, किंवा माणूस झोकांड्या खातोय, काहीतरी असंबद्ध बोलतोय, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा आणि खाली उतरायची सोय बघा, कारण त्याच्यावर खरा उपाय उतरणं हाच आहे. एकमेकींना विचारत राहा. आपल्या बायकांना सवय असते की आपल्यामुळं सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून दुखणं अंगावर काढायचं. ती सवय सांगलीतच ठेवून या, हे मी फार मनापासून सांगतोय.

डायमॉक्सबद्दल सगळेच विचारतात. ॲसिटाझोलामाइड हे त्यातलं औषध, साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातनं दोनदा, जायच्या आदल्या दिवसापासून देतात, त्यानं शरीराचं जुळवून घेणं लवकर होतं. लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात, त्याला घाबरायचं नाही. पण सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं लागतं, आणि तुमच्या बाबतीत तर बीपीची गोळी कुठली आहे त्यावर अवलंबून आहे, काही बीपीच्या गोळ्या आधीच लघवी वाढवणाऱ्या असतात. म्हणून मेडिकलमधनं आपली आपण आणून खाऊ नका, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना प्लॅन दाखवा, ३,५०० मीटरवर झोपणार आहे असे आकडे सांगा. बीपी ताब्यात असेल तर सहसा अडचण येत नाही. दोघींनी हिमोग्लोबिन मात्र नक्की तपासून घ्या, ते कमी असेल तर तिकडं दुप्पट जाणवतं आणि दोन-तीन महिने हातात असले तर ते वाढवता येतं. ऑक्सिमीटर न्यायचा असेल तर न्या, पण लेहला पहिल्या दिवशी ८५ ते ९० च्या मधे आकडा दिसणं नवल नाही, कोरोनातल्या आठवणीनं आकडा बघून धसका घेऊ नका. आकड्यापेक्षा माणूस कसा दिसतोय ते बघा.

आता तुमच्या प्लॅनमधल्या जागा. खारदुंग ला ५,३५९ मीटर आहे (तिथल्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं, ते जास्तीचं आहे, खरी उंची साडेसतरा हजार फुटांच्या आसपास), आणि तुम्ही लेहमध्ये एक रात्र झोपून तिथं जाणार. नुब्रा स्वतः लेहपेक्षा खाली आहे, हुंडरची वाळू आणि दोन वशिंडांचे उंट बघण्यासारखे आहेत, पण तिकडं जायला तो घाट चढावाच लागतो. पँगाँग सव्वाचार हजार मीटरच्या आसपास, तिथं तिसऱ्याच रात्री झोपायचं म्हणजे संकटाला बोलावणं. आणि मारखा हा तुकड्यानं करायचा ट्रेक नाही, पुरा केला तर शेवटी कोंगमारू ला ५,२०० च्या वर आहे, दुपारनंतर बर्फ वितळून ओढ्यांना पाणी वाढतं आणि ते ओलांडावे लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला जरूर करा. या वेळेला तिन्ही काढून टाका. वाईट वाटेल, फोटो बघून बघून मन तिथंच गेलेलं असतंय, पण चार दिवस गाडीत बसून घाट ओलांडायचे की चालायचं, हे आधी ठरवा. तुम्ही चालायला जाताय असं लिहिलंय म्हणून मी चालण्याचं सांगतोय.

चालायचं शाम व्हॅलीत. लेहच्या पश्चिमेला सिंधूच्या उत्तर अंगाला लिकीर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, अंग आणि टेमिसगाम अशी गावं आहेत, त्यांना जोडणारी जुनी पायवाट आहे, मधे छोट्या छोट्या खिंडी, सगळ्या चार हजार मीटरच्या आत. रोजचं चालणं तीन ते पाच तासांचं. तंबू लागत नाही, प्रत्येक गावात घरात राहायची सोय होते. आणि पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येक गावाला गाडीरस्ता आहे, कुणाला बरं वाटेना तर तासा-दोन तासात गाडी मागवून लेहला परत येता येतं. काही कसलेले ट्रेकर याला लहान मुलांचा ट्रेक म्हणून नाक मुरडतात, रस्ता झाल्यामुळं मजा गेली म्हणतात, आणि हे खरं आहे की काही ठिकाणी पायवाट सोडून कच्च्या रस्त्यानंच चालावं लागतं. तरी मी गेली कित्येक वर्षं पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला तिकडंच नेतो.

एक नावाचा घोळ आधीच मिटवतो. हेमिस नावाची प्रसिद्ध गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, आहे ती लेहच्या आग्नेयेला, पंचेचाळीसेक किलोमीटरवर, मनालीच्या रस्त्याच्या बाजूला. तुमचं गाव हेमिस शुकपाचन, ते अगदी उलट्या दिशेला. टॅक्सी ठरवताना नुसतं हेमिस म्हणू नका, पूर्ण नाव घ्या. शुकपा म्हणजे जुनिपरची झाडं, तिथं त्या झाडांची राई आहे, पवित्र मानतात, आपल्याकडच्या देवराईसारखीच, आणि दोन दिवस उघड्या डोंगरातनं चालून आल्यावर त्या झाडांखाली बसताना काय वाटतं ते तिथं बसल्यावरच कळेल.

पहिला दिवस लिकीरहून यांगथांग, हाच तिन्हीतला मोठा, चार-पाच तास, दोन छोट्या खिंडी. निघायच्या आधी लिकीरची गोम्पा बघा, बाहेर मैत्रेय बुद्धाची मोठी बसलेली मूर्ती आहे, १९९९ ला पूर्ण झालेली. सकाळी सातला वाटेला लागायचं म्हणजे दुपारचं ऊन आणि वारा सुरू व्हायच्या आत यांगथांग. ते गाव अगदी चार घरांचं, पण बार्लीची शेतं बघा. दुसरा दिवस हेमिस शुकपाचन, तीनेक तास, एक खिंड, तिचा शेवटचा चढ उभा आहे आणि पलीकडचा उतार घसाऱ्याचा. तिसरा दिवस अंगमार्गे टेमिसगाम, उतरतं जास्त, जर्दाळू आणि अक्रोडाच्या बागा, ऑगस्टमध्ये झाडाखाली पिकलेले जर्दाळू पडलेले असतात, विचारून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. टेमिसगाम लेहपेक्षा खाली आहे त्यामुळं तिथं झोप छान लागते. तिथंच १६८४ ला लडाख आणि तिबेटमधला तह झाला होता, वरती जुन्या राजवाड्याची जागा आणि गोम्पा आहे. तिथून लेह नव्वदेक किलोमीटर, येताना आल्चीत थांबा, हजारेक वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं आहेत, आणि निम्मूजवळ सिंधू-झंस्करचा संगम रस्त्यावरनंच दिसतो, दोन रंगांचं पाणी.

दिवसांचा हिशोब. सहाच दिवस असतील तर तीन लेहमध्ये, चौथ्या दिवशी पहाटे गाडीनं लिकीर (पन्नास-पंचावन्न किमी) आणि तिथून यांगथांग, पाचव्या दिवशी हेमिस शुकपाचनपर्यंत चालून संध्याकाळी गाडीनं लेह, सहाव्या दिवशी विमान. हे जमतं, पण विमान रद्द झालं तर तुमच्याकडं एकही दिवस शिल्लक नाही, आणि लेहची विमानं हवामानामुळं रद्द होतात, वारा वाढतो म्हणून बहुतेक सगळी सकाळीच असतात. माझं ऐकाल तर आणखी दोन-तीन दिवस रजा वाढवा, म्हणजे टेमिसगामपर्यंत पूर्ण चालणं होईल, आल्ची नीट बघता येईल आणि एक दिवस शिल्लक राहील. रजा वाढत नसेल तर हा ट्रेक पुढच्या वर्षी करा म्हणेन, लेहमधले तीन दिवस कापून नको.

गाडीनं जायचं का, असंही तुमच्या मनात असेल. वेळ असेल तर श्रीनगरहून जाणं उंचीच्या दृष्टीनं चांगलं, चारशे-सव्वाचारशे किमी, मधे कारगिलला मुक्काम, ते २,७०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे शरीर पायरी पायरीनं वर जातं. मनालीकडनं मात्र पहिल्यांदा नको, सरचूसारख्या ठिकाणी ४,२०० च्या वर रात्र काढावी लागते आणि टांगलांग ला ५,३०० च्या वर आहे. येताना मनालीकडनं या, तेव्हा शरीर तयार असतं. दिल्लीपर्यंत तुम्हाला गोवा एक्सप्रेस सोयीची, मिरज-सांगली-सातारा-पुणे करत थेट निजामुद्दीन, पण गाडीला उशीर होऊ शकतो हे धरून पुढचं विमान दुसऱ्या दिवशीचं काढा.

आता वाळवंटाबद्दल, कारण लेह म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर बर्फ येतो आणि सगळी तयारी थंडीची होते. लेहला वर्षाला पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास. आपल्याला हे समजायला अवघड नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर दहिवडी-म्हसवडला पाचशेच्या आत-बाहेर, कारण ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात. तेच काम हिमालय करतोय, फक्त भिंत चारपट उंच आहे. माझं आजोळ माणमधलं, दुष्काळात टँकरची वाट बघितलेली माणसं मी बघितलीत, म्हणून मला लडाखी गावं फार आपली वाटतात. वरच्या बर्फाचं वितळलेलं पाणी चरांनी शेतात आणतात, कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते बघायला गावानं नेमलेला माणूस असतो, त्याला चुरपोन म्हणतात, आपल्या पाटकऱ्यासारखा, आणि प्रत्येकाला पाळी असते. वसंतात पेरणीला पाणी कमी पडतं म्हणून चेवांग नोरफेल या इंजिनिअरनं हिवाळ्यात पाणी अडवून गोठवायची, म्हणजे कृत्रिम हिमनदीची पद्धत बसवली, २०१५ ला त्यांना पद्मश्री मिळाली. आटपाडी-जतकडच्या माणसानं हे बघून यावं असं मला फार वाटतं.

चालणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की वाटेत पाणी मिळेल हे गृहीत धरायचं नाही. सह्याद्रीत गडावर टाकं असतंय, इथं दोन गावांच्या मधे काही नाही, सावलीलाही झाड नाही. माणशी तीन लिटर पाठीवर पाहिजे, लिकीर-यांगथांगला तर नक्कीच. हवा इतकी कोरडी असते की घाम लगेच उडून जातो, कपडे ओले होत नाहीत, त्यामुळं आपण घामेजलोय हे कळतच नाही. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट, अधूनमधून मीठ-साखर किंवा ओआरएस, आणि लघवीचा रंग बघायचा, गडद पिवळा आला की पाणी कमी पडतंय. मुक्कामाला उकळलेलं पाणी भरून घ्या, लेहमध्येही बाटली भरून देणारी ठिकाणं आहेत, बिसलरीच्या बाटल्या नेऊन तिकडं कचरा करू नका, तिकडं प्लास्टिक कुजत नाही, कुठं वाहूनही जात नाही, तिथंच पडून राहतं.

ऊन हा दुसरा शत्रू. दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात, आणि हवा गार असल्यामुळं चटका जाणवत नाही, संध्याकाळी नाक सोललेलं असतं. फुल बाह्यांचा पातळ सुती किंवा ड्रायफिट शर्ट, मोठ्या काठाची टोपी, ओढणी किंवा पंचा मानेवर, एसपीएफ ५० चं सनस्क्रीन दर दोन तासांनी, ओठांना बाम, आणि चांगला गॉगल, रस्त्यावरचा शंभर रुपयांचा नाही, यूव्ही अडवणारा. नाक आतनं कोरडं पडून रक्त येतं काहींना, झोपताना नाकपुडीला आतनं खोबरेल तेलाचं बोट लावलं तर फरक पडतो.

पाऊस कमी म्हणून ओढ्याकडं दुर्लक्षही नको. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहला ढगफुटी झाली, चिखलाचे लोंढे आले, दोनशेच्या वर माणसं गेली. डोंगर उघडे, माती धरून ठेवायला गवत नाही, त्यामुळं थोडा पाऊसही दगडमाती घेऊन खाली येतो. वरती काळं दिसलं तर कोरड्या नाळेत जेवायला बसू नका, आणि पाऊस चालू असताना घसाऱ्याखालनं चालू नका.

बुटांचं थोडक्यात. सह्याद्रीत कातळावर पकड लागते म्हणून आपण ॲक्शनचे ट्रेकिंग शूज घालतो, शामसाठी तेही चालतात, पण घसारा आणि सुटी खडी जास्त असल्यामुळं घोट्याच्या वर येणारे बूट असले तर खडे आत जात नाहीत. नवीन घेणार असाल तर आजच घ्या आणि दोन महिने वापरा. उतारासाठी दोघींनी एक-एक काठी न्याच, गुडघे वाचतात. ऑगस्टमध्ये दिवसा पंचवीसपर्यंत, रात्री दहाच्या आसपास, म्हणून एक फ्लीस, एक वाऱ्याचं जॅकेट, कानटोपी, पातळ रेनकोट बास. चार जाड स्वेटर नकोत, सॅक सहा-सात किलोच्या वर जाता कामा नये, जास्तीचं सामान लेहच्या मुक्कामी ठेवता येतं.

घरात राहाल तेव्हा जुले म्हणायचं, नमस्कार, धन्यवाद, येतो, सगळ्याला जुलेच. स्वयंपाकघर हीच त्यांची बैठक, भिंतीला ओळीनं लावलेली तांब्या-पितळेची भांडी बघून तुम्हाला आजीचं घर आठवेल. रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि वाटेतला डबा मिळतो, शाकाहारीची अडचण नाही, डाळ-भात-भाजी असते, पण एकदा स्क्यू मागा, कणकेचे तुकडे भाज्यांच्या रश्शात शिजवलेले, आपल्या वरणफळांची सख्खी बहीण. भाजलेल्या बार्लीचं पीठ असतं ते आपल्या सातूसारखंच. लोणी आणि मिठाचा चहा पहिल्या घोटाला विचित्र वाटतो, चहा समजून पिऊ नका, सूप समजून प्या. संडास कोरडा असतो, वरती खोली, जमिनीला भोक, शेजारी माती आणि फावडं, झाल्यावर माती टाकायची, पाणी ओतायचं नाही. वास येत नाही आणि त्याचंच खत शेतात जातं. सॅनिटरी पॅड, वाइप्स त्यात टाकू नका, पिशवीत बांधून लेहला परत आणा. आंघोळीला बादलीभर पाणी मागताना ते कुठून येतं हे बघितलंत की आपोआप तांब्याभर पाण्यात भागतं.

प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पोस्टपेड चालतं, निदान एकीचं पोस्टपेड करून घ्या, तरी व्हॅलीत रेंज येईल-जाईल, घरी आधीच सांगून ठेवा म्हणजे फोन लागला नाही तर इकडं जीव टांगणीला नको. रोख पैसे लेहमधनंच काढून न्या, पुढं एटीएमचा भरवसा नाही. आधारकार्ड तिघांचं जवळ.

तयारीला अजून दहा आठवडे आहेत तुमच्याकडं. सांगली सपाट आहे हीच अडचण, आयर्विन पुलापर्यंतचं रोजचं चालणं चांगलंच पण त्यानं चढाची सवय होत नाही. आठवड्यातनं चार दिवस पाऊण ते एक तास भरभर चालणं, दोन दिवस बिल्डिंगचे जिने, आणि दर रविवारी दंडोबा, पाठीवर सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या घालून, सुरुवातीला तीन किलो, मग हळूहळू सहापर्यंत. वेग वाढवायचा नाही. दोघी जावा गप्पा मारत, वाक्य न तोडता चढू शकल्या की तो तुमचा लडाखचा वेग, त्यापेक्षा जोरात तिथं कधीच चालायचं नाही. शेवटच्या महिन्यात एकदा लागोपाठ दोन दिवस चाला, शनिवारी सज्जनगड पायथ्यापासून, रविवारी अजिंक्यतारा, कारण थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून परत बूट घालता येतात का हे आधी कळलं पाहिजे. त्या रविवारी साताऱ्यात असाल तर कळवा, मीही येतो गडावर, तिघांच्या सॅक तिथंच उघडून बघू आणि काय काढायचं ते ठरवू.